वाघांची हजेरी

फाल्गुन महिना लागला होता. चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबाच्या अरण्यात सागाची मोठमोठी पाने गळून वाटेवर त्यांचा जाड थर साचला होता आणि त्या उघड्या पडलेल्या रानात पळस तेवढे केशरी फुलांनी पेटल्यासारखे दिसत होते. पहाटेची थंडी ओसरून कोवळे ऊन झाडांच्या बुंध्यांवर उतरू लागले होते. अशा वेळी नाल्याच्या काठाने दोन माणसे चालली होती. एक होती नुकतीच नोकरीत रुजू झालेली वनरक्षक तरुणी, आणि दुसरा होता तीस वर्षे ह्याच रानात वावरलेला वृद्ध वनमजूर. तरुणीच्या खांद्याला एक पिशवी होती. तीत नवे सेल, रिकाम्या मेमरी कार्डांची डबी, खडू आणि लहान मुले शाळेत नेत तशी एक छोटी काळी पाटी होती.

नाला जेथे वळण घेतो, तेथे वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन झाडे होती. दोहोंच्याही बुंध्याला, माणसाच्या गुडघ्याइतक्या उंचीवर, पट्ट्याने करकचून बांधलेली एकेक हिरवट-तपकिरी पेटी होती. परक्या माणसाच्या ती सहसा ध्यानातही येत नाही. पेटीला मात्र तो दिसतो. तिच्या आत कॅमेरा असतो आणि उष्णता ओळखणारा एक संवेदक असतो. उबदार अंगाचा कोणताही प्राणी समोरून गेला की उष्णतेतील फरक संवेदकास जाणवतो व कॅमेरा आपोआप चित्र घेतो. चित्राबरोबरच तारीख आणि वेळ ह्यांचीही नोंद होते. ह्या साधनास कॅमेरा ट्रॅप असे म्हणतात. ट्रॅप म्हणजे सापळा. पण ह्या सापळ्यात प्राणी सापडत नाही, त्याचे रूप तेवढे सापडते.

एकाच वाटेवर दोन कॅमेरे कशासाठी, असे कोणासही वाटेल. त्याचे कारण वाघाच्या अंगावरच रेखलेले आहे. माणसाच्या बोटांचे ठसे जसे दुसऱ्या कोणाशीही जुळत नाहीत, तसे एका वाघाच्या अंगावरील पट्टे दुसऱ्या वाघाच्या पट्ट्यांशी जुळत नाहीत. एवढेच नव्हे, तर त्याच वाघाच्या डाव्या कुशीवरील पट्टे उजव्या कुशीवरील पट्ट्यांहून निराळे असतात. वाघ वाटेने जात असता एका बाजूचा कॅमेरा त्याची डावी कूस टिपतो आणि दुसरा उजवी. दोन्ही चित्रे एकाच वेळेची असली म्हणजे त्या दोन कुशी एकाच जनावराच्या हे निश्चित होते. दोहोंपैकी एक चित्र नाहीसे झाले, तर उरलेली कूस कोणाच्या दुसऱ्या कुशीशी जोडावी हा प्रश्न तसाच राहतो.

पहिल्या पेटीपाशी वनमजुराने आठवण दिली, "ताई, आधी कॅमेरा बंद करा, मगच कार्ड काढा."

तरुणीने तसे केले. पेटीचे झाकण उघडले, कळ फिरवून कॅमेरा बंद केला, कार्ड हलकेच दाबून बाहेर काढले आणि डबीतील ठरलेल्या खणात ठेवले. मग नवे कार्ड बसविले. ती वाट ओलांडून दुसऱ्या पेटीकडे गेली आणि तिने झाकण उघडले, इतक्यात नाल्यापलीकडच्या बांबूच्या बेटातून चितळाची तीक्ष्ण हाक आली. पाठोपाठ झाडावरचे वानर खाकरल्यासारखे ओरडले. रानात राहणाऱ्या माणसास ही भाषा समजते. चितळ एकदा ओरडले तर ते उगाच दचकलेले असू शकते; पण चितळ आणि वानर एकामागून एक ओरडू लागले, की वाघ किंवा बिबट्या जवळच हिंडत असतो.

"ताई, चला. वाट सोडू नका, पळूही नका. माझ्याबरोबर मागे या," वनमजूर हलक्या आवाजात म्हणाला.

तरुणीने कॅमेरा बंद न करताच कार्ड ओढून काढले, झाकण लावले आणि ती त्याच्याबरोबर मागे सरली. नवे कार्ड बसविण्यास सवड झालीच नाही.

तिने घाई केली म्हणून तिला दोष देणे योग्य होणार नाही. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ह्याच अरण्यात व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकावर वाघिणीने हल्ला केला व त्यात तिचा अंत झाला. गणनेचे आकडे छापून येतात, तेव्हा त्यांच्यामागे अशी पायपीट असते हे वाचणाऱ्याच्या सहसा मनातही येत नाही.

टपाल तिकिटाएवढ्या एका कार्डाचे एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी वाघ मोजण्याची रीत कशी बदलत गेली ते पाहिले पाहिजे. वाघाचे रात्रीचे चित्र त्याच्याच पावलाकरवी काढून घेण्याची युक्ती तशी जुनी आहे. १९२० नंतरच्या दशकात फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन ह्या वनाधिकाऱ्याने हिमालयाच्या पायथ्याच्या रानात वाटेवर बारीक तार ताणून ठेवली. वाघाचा पाय तारेस लागताच प्रकाशाचा लोळ उठे आणि चित्र निघे. ही चित्रे त्याने १९२७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. परंतु वाघांची गणना करण्यासाठी पुढे कित्येक वर्षे पावलांच्या ठशांवरच विसंबून राहण्यात आले. मातीत उमटलेला ठसा काच ठेवून तिच्यावर उतरवून घ्यावयाचा आणि ठशांवरून वाघ ओळखावयाचे, अशी ती रीत होती. तिच्यात एक मोठी उणीव होती. ओल्या मातीत पाऊल पसरते, कोरड्यात आखडते. चढावर वेगळे उमटते, उतारावर वेगळे. एकाच वाघाचे दोन वाघ होण्यास एवढे पुरते. राजस्थानातील सरिस्का येथे कागदोपत्री वाघ नांदत असता प्रत्यक्षात तेथे एकही वाघ उरलेला नाही, हे २००५ साली उघडकीस आले. सारा देश हादरला. त्यापूर्वीच कर्नाटकातील नागरहोळे येथे डॉ. उल्हास कारंत ह्यांनी कॅमेऱ्यांच्या साहाय्याने वाघ ओळखून त्यांच्या संख्येचा अंदाज बांधण्याचे काम १९९० नंतरच्या दशकात करून दाखविले होते. २००६ पासून देशातील व्याघ्रगणनेत कॅमेऱ्यास स्थान मिळाले. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था ह्या राज्यांच्या वनविभागांसह दर चार वर्षांनी ही गणना करतात.

२०१८ च्या गणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावण्यात आले. त्यांनी एकूण ३,४८,५८,६२३ चित्रे टिपली. जगातील अशा प्रकारचे सर्वांत मोठे सर्वेक्षण म्हणून त्याची गिनीज विक्रमांत नोंद झाली. ह्या साडेतीन कोटींच्या आसपास चित्रांपैकी वाघांची चित्रे होती अवघी ७६,६५१. म्हणजे सुमारे ४५५ चित्रांमागे एक. बिबट्यांची ५१,७७७ होती. बाकीच्या चित्रांत चितळ, सांबर, रानडुकरे, गुरे, लाकूडफाट्यास निघालेली माणसे आणि वाऱ्याने हलणारे तापलेले गवत! त्या ७६,६५१ चित्रांतून पट्टे जुळवून जुळवून २,४६१ निरनिराळे वाघ ओळखण्यात आले आणि त्यावरून देशात सुमारे २,९६७ वाघ असावेत असा अंदाज निघाला.

ओळखलेले वाघ थोडे आणि अंदाज अधिक, हे कसे? ह्यामागील विचार समजण्यास कठीण नाही. एखाद्या गावात रोज संध्याकाळी वेशीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे कोणी लक्षात ठेवू लागला, तर आठवड्याने त्यास काय दिसेल? गाव लहान असेल तर तेच ते चेहरे फिरून फिरून दिसतील आणि नवा चेहरा क्वचितच आढळेल. गाव मोठे असेल तर रोज नवेच चेहरे समोर येतील. ओळखीचे चेहरे किती वेळा पुन्हा दिसले, ह्यावरून न दिसलेल्यांची संख्या अजमावता येते. वाघांच्या बाबतीत गणिती हेच करतात. म्हणून कॅमेऱ्यासमोर कोणता वाघ आला एवढेच पुरत नाही. तो कोणत्या ठिकाणी, कोणत्या दिवशी आणि किती वेळा आला हेही अचूक कळावे लागते. एका ठिकाणचे कार्ड दुसऱ्या ठिकाणच्या नावाने नोंदले गेले, तर वाघ न चालताच दहा मैल दूर जातो.

ही सर्व चित्रे कॅमेऱ्यातून संगणकात आपोआप गेलेली नाहीत. बहुतेक ठिकाणी कोणीतरी रानात जाऊन कार्ड काढले, ते जपून आणले आणि चित्रे उतरवून घेतली. त्या सकाळी वनरक्षक तरुणी दोन कार्डे घेऊन वनपरिक्षेत्र कार्यालयात आली ती ह्याच कामासाठी.

कार्यालयात गणनेचे काम पाहणारे जीवशास्त्रज्ञ संगणकापाशी बसले होते. त्यांनी पहिले कार्ड हाती घेऊन त्याच्या डाव्या कडेची बारीक खिट्टी खाली सरकविली. कार्ड अवघे ३२ मिलिमीटर लांब, २४ मिलिमीटर रुंद आणि २.१ मिलिमीटर जाड. त्यावर खिट्टी ती केवढी! पण तिचे काम मोठे आहे. ती खाली असली की कार्डावर नवे काही लिहू नये व जुने पुसू नये, असा संगणकास इशारा मिळतो आणि बहुतेक कार्डवाचक तो पाळतात. चित्रे उतरविताना कार्ड केवळ वाचावयाचे असते. लिहिण्याची वाट बंद राहिली तर चुकून बोट लागूनही हानी होत नाही.

कार्ड वाचकात घालताच संगणकाच्या पडद्यावर त्याचे चिन्ह उमटले. ते उघडताच आत एक फोल्डर दिसला. कॅमेरा कोणत्याही कंपनीचा असो, चित्रांच्या फोल्डरचे नाव डीसीआयएम असेच असते. जपानी उत्पादकांच्या संघटनेने १९९८ साली तसा नियम घालून दिला आणि तो पुढे जगभर पाळला गेला. त्या फोल्डरात अनुक्रमांक दिलेली चित्रे होती.

तरुणीने संगणकावर आधीच एक फोल्डर उघडून ठेवला होता. पहिल्या कार्डातील चित्रे ती त्यात ओढून टाकणार, इतक्यात जीवशास्त्रज्ञांनी विचारले, "ताई, ह्यात आधीचे काही आहे काय?"

"हो सर, काल आणलेल्या कार्डाची चित्रे आहेत. ठिकाण जवळचेच होते, म्हणून म्हटले एकत्र ठेवावीत."

"मग जरा थांबा. कालच्या पहिल्या चित्राचे नाव काय, आणि आजच्या पहिल्या चित्राचे काय?"

तिने पाहिले. दोन्ही नावे एकच होती. प्रत्येक कॅमेरा आपली चित्रे एकापासून मोजू लागतो, आणि शेजारच्या झाडावरील कॅमेऱ्याने कोणते आकडे दिले आहेत हे त्यास ठाऊक नसते. शंभर कॅमेऱ्यांत पहिल्या क्रमांकाची शंभर चित्रे असतात. ती एकाच फोल्डरात टाकली तर संगणक विचारतो, ह्या नावाचे चित्र येथे आहे, त्याच्या जागी नवे ठेवू काय? घाईत असलेला माणूस 'होय' म्हणतो आणि कालची चित्रे एकामागून एक नाहीशी होत जातात. चोरी नाही, आग नाही, पूर नाही. केवळ एका होकाराने!

म्हणून येथे प्रत्येक कार्डास स्वतंत्र फोल्डर असतो. अरण्याचे नाव, त्यात चौकटीचा क्रमांक, त्यात ठिकाणाचा क्रमांक, मग डावा कॅमेरा की उजवा, आणि शेवटी कार्ड काढल्याची तारीख, अशी ती घरातल्या घराची रचना असते. तरुणीने तसा नवा फोल्डर केला. मग सर्व चित्रे निवडून त्यांची नक्कल करण्याची आज्ञा संगणकास दिली. आज्ञा दोन प्रकारची असू शकते. एकीत मूळ चित्र कार्डातच राहते आणि त्याची प्रत संगणकात येते; दुसरीत चित्र कार्डातून निघून संगणकात जाते. दुसरी आज्ञा वेळ वाचविणारी वाटते, परंतु मध्येच वीज गेली किंवा कार्ड हलले तर काही चित्रे इकडे, काही तिकडे आणि एखादे कोठेच नाही, अशी गत होते. विजेच्या लपंडावाची सवय असलेल्या गावात तरी तिच्या वाटेस जाऊ नये.

चित्रे येऊ लागली. पडद्यावरील हिरवी पट्टी हळूहळू पुढे सरकत होती. ती पूर्ण झाल्यावर जीवशास्त्रज्ञांनी कार्डातील चित्रांची संख्या आणि संगणकातील संख्या ताडून पाहण्यास सांगितले. नंतर दोहोंनी व्यापलेली जागा ताडून पाहण्यास सांगितले. आणि शेवटी आरंभीचे, मधले व अखेरचे अशी काही चित्रे प्रत्यक्ष उघडून पाहण्यास सांगितले. हे झाल्यावर तीच चित्रे एका निराळ्या हार्ड डिस्कवरही उतरविण्यात आली. तोवर कार्डातील एकाही चित्रास कोणी हात लावला नाही. कार्ड पुसण्याची वेळ येते ती सर्वांच्या शेवटी, प्रती दोन ठिकाणी सुखरूप पोहोचल्यावर. आणि पुसावयाचे तेही ज्या कॅमेऱ्यात ते जाणार त्याच कॅमेऱ्यात घालून. वाघाचे चित्र नाही म्हणून एखादे चित्र तेथल्या तेथे काढून टाकण्याचीही मुभा नसते. रिकाम्या दिसणाऱ्या गवतात बिबट्याची शेपटी असू शकते, आणि काहीच नसले तरी कॅमेरा त्या दिवशी चालू होता ह्याचा तो पुरावाच असतो.

मग दुसरे कार्ड वाचकात घालण्यात आले. ह्या खेपेस पडद्यावर चित्रे आली नाहीत. त्याऐवजी एक चौकट उघडली आणि तीत प्रश्न उमटला, की हे कार्ड वापरण्यापूर्वी त्याचे फॉरमॅट करणे आवश्यक आहे, करावयाचे काय?

संगणकाचे म्हणणे ऐकावे असे वाटून तरुणीचा हात पुढे गेला.

"थांबा!" जीवशास्त्रज्ञ एकदम म्हणाले. "त्यास नाही म्हणा. कार्ड काढताना कॅमेरा बंद केला होता ना?"

तरुणीचा चेहरा उतरला. तिने घडले ते सर्व सांगितले. काही लपविले नाही.

कार्ड काढले त्या क्षणी नेमके काय झाले, हे कळण्यासाठी कार्डाच्या अंतरंगात डोकावले पाहिजे. कार्डात फिरणारी चकती नसते की फीत नसते. त्यात सिलिकॉनच्या पातळ चकतीवर कोरलेले अब्जावधी सूक्ष्म कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात विद्युत्कण अडकवून ठेवता येतात. ते किती अडकले आहेत त्यावरून त्या कप्प्यातील खूण ठरते, आणि अशा खुणांच्या लांबच लांब ओळींत चित्राचे सारे रंग साठविलेले असतात. कप्प्याभोवती विजेस अडविणारे वेष्टण असल्यामुळे कार्ड कॅमेऱ्यातून काढले तरी विद्युत्कण वर्षानुवर्षे आतच राहतात. जपानमधील तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका ह्या अभियंत्याने ही स्मृती शोधून काढली व १९८४ साली तिची माहिती शास्त्रज्ञांपुढे ठेवली. तीतील कप्प्यांचा समूहच्या समूह एका क्षणात पुसता येतो. हे पाहून त्याच्या एका सहकाऱ्यास कॅमेऱ्याच्या लखलखाटाची आठवण झाली आणि तिचे नाव फ्लॅश असे पडले.

परंतु नुसत्या खुणा साठवून भागत नाही. पुस्तकास जशी अनुक्रमणिका, तशी कार्डासही एक सूची लागते. कोणते चित्र कोणत्या कप्प्यापासून आरंभ होते व पुढे कोठे कोठे पसरले आहे, हे त्या सूचीत लिहिलेले असते. कॅमेरा नवे चित्र लिहितो तेव्हा चित्राच्या खुणा उमटवितो आणि सूचीतही नोंद करतो. हे काम चालू असता कार्ड ओढून काढले, तर सूची अर्धवट लिहिलेली राहते. अनुक्रमणिकेचे पान फाटले म्हणजे पुस्तकातील धडे नाहीसे होत नाहीत. ते सापडत मात्र नाहीत. संगणकास सूची वाचता आली नाही, म्हणून त्याने कार्ड कोरे समजून नवी सूची घालू काय असे विचारले. तरुणीने होकार दिला असता तर काम अधिकच बिकट झाले असते, आणि तेच कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात घालून वापरले असते तर नवी चित्रे जुन्या चित्रांवर लिहिली जाऊन ती कायमची गेली असती.

"पण सर, त्या वेळी तर समोर कोणताच प्राणी नव्हता. मग कॅमेरा लिहीत कशाला होता?" तरुणीने विचारले.

जीवशास्त्रज्ञ हसले. "कसा नव्हता? तुम्ही होता ना!"

दाराशी उभा असलेला वनमजूरही हसला. संवेदकास वाघ आणि माणूस हा भेद ठाऊक नसतो. पेटीसमोर आलेल्या तरुणीचेच चित्र कॅमेरा घेत होता.

जीवशास्त्रज्ञांनी प्रथम त्या कार्डाची कप्प्यामागून कप्पा अशी जशीच्या तशी एक नक्कल संगणकात घेतली आणि मूळ कार्ड पाकिटात घालून बाजूस ठेवले. पुढचे सर्व प्रयत्न नकलेवरच करावयाचे होते. हरवलेली चित्रे शोधणारी काही प्रोग्रॅम असतात. ती सूचीकडे पाहतच नाहीत. ह्या प्रकारच्या प्रत्येक चित्राचा आरंभ व शेवट ठराविक खुणांनी होतो. प्रोग्रॅम पहिल्या कप्प्यापासून अखेरपर्यंत त्या खुणा धुंडाळीत जाते आणि आरंभापासून शेवटापर्यंतचा मजकूर उचलून त्याचे चित्र करते. अनुक्रमणिका फाटलेल्या पुस्तकाचे पान न् पान उलटून धड्यांची शीर्षके शोधावीत, तसाच हा प्रकार. त्यास वेळ लागतो. दुपार झाली. वनमजुराने चहा आणला. तरुणी पडद्यावरून दृष्टी हलवीत नव्हती.

अखेर चित्रे निघाली. त्यांची मूळची नावे आणि फोल्डर मात्र गेले होते, कारण नावे सूचीतच असतात. आता हे कार्ड कोणत्या झाडावरचे, डाव्या बाजूचे की उजव्या, हे कसे ठरवावे? कार्डावरील चिकटपट्टीचे अक्षर दवाने फिकट झाले होते. जीवशास्त्रज्ञांनी तारखेप्रमाणे चित्रांचा क्रम लावला आणि पहिले चित्र उघडले. त्यात वनमजूर दोन्ही हातांनी एक पाटी धरून उकिडवा बसला होता. पाटीवर खडूने ठिकाणाचा क्रमांक, कॅमेऱ्याची बाजू, तारीख आणि वेळ लिहिलेली होती. कॅमेरा बांधतेवेळी त्याच्यासमोर पाटी धरण्याचा हा नियम तरुणीला आरंभी अनावश्यक वाटला होता. पाटीवरची वेळ आणि कॅमेऱ्याने नोंदलेली वेळ जुळत होती. म्हणजे कॅमेऱ्याचे घड्याळही बिनचूक होते. सेल बदलताना ते कधीकधी मागे जाते, आणि मग दोन्ही कुशींच्या वेळा जुळविणे अशक्य होऊन बसते.

त्यानंतरच्या चित्रांत चितळांचा कळप होता, मोहाच्या वासावर आलेले अस्वल होते, दोन सायाळी होत्या, आणि पुष्कळसे नुसते गवत होते. एका मध्यरात्रीच्या चित्रात वाघीण होती. मान किंचित खाली, पाऊल पुढे टाकलेले, आणि उजव्या कुशीवरचे पट्टे स्वच्छ उमटलेले. तरुणीने पहिल्या कार्डाचा फोल्डर उघडून त्याच तारखेचे, त्याच वेळेचे चित्र शोधले. तीच वाघीण डाव्या कुशीने चालली होती. दोन्ही चित्रे पडद्यावर शेजारी शेजारी ठेवली तेव्हा कोणी काही बोलले नाही. वनमजुराने चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिले.

शेवटचे चित्र अर्धेच होते. वरच्या भागात खाकी बाही आणि पुढे आलेला एक हात दिसत होता. त्याखाली सर्वत्र राखी रंग पसरला होता. कॅमेरा तेथवर लिहून थांबला होता.

"हे काढून टाकू का, सर?" तरुणीने विचारले.

"नको. ह्या ठिकाणचा कॅमेरा कोणत्या दिवशी आणि किती वाजता थांबला, हे आपणास कोठून कळणार? राहू द्या."

ते चित्र इतर चित्रांसह दोन्ही ठिकाणी उतरविण्यात आले. संख्या ताडून पाहण्यात आली. ते कार्ड पुन्हा वापरावयाचे नाही, असे नोंदवहीत लिहून पाकीट कपाटात ठेवण्यात आले. येथून ही चित्रे पुढे डेहराडूनला जावयाची होती. तेथे संगणकाच्या साहाय्याने प्राणी वेगळे होतात आणि पट्ट्यांवर पट्टे ठेवून वाघांची ओळख पटविली जाते. २०२२ च्या गणनेत देशात सरासरी ३,६८२ वाघ असल्याचा अंदाज निघाला. त्यांपैकी महाराष्ट्रात ४४४ होते. त्याआधीच्या गणनेत ३१२ होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे पुन्हा नाल्याच्या वळणावर गेली. ह्या वेळी बांबूचे बेट शांत होते. वाळूत वाघिणीचे ताजे माग मात्र होते. ते पाण्याकडे उतरून गेले होते. वनमजुराने ते पाहिले, चहूकडे नजर टाकली आणि मान हलविली. तरुणीने पेटी उघडली, कळ बंद आहे ना हे दोनदा पाहिले, नवे कार्ड बसविले आणि कॅमेरा चालू केला. मग तिने खडूने पाटीवर क्रमांक, बाजू, तारीख आणि वेळ लिहिली.

"द्या ताई, मी धरतो," वनमजूर म्हणाला.

"नको काका, ह्या वेळी मीच धरते," असे म्हणून ती कॅमेऱ्यासमोर पाटी घेऊन बसली.